जातीने हजर

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
रेक्सहॅमच्या कौटुंबिक कोर्टाला पायरीच नाही,
सरकतं दार आहे, आणि ओलं पायपुसणं.
रखवालदारानं माझ्या खिशातून
टायरची हवा मोजायचं यंत्र काढून ट्रेमध्ये ठेवलं.
विचारलं, वकील कोण?
मीच.

इड्वल प्यू, अर्जदार, जातीने हजर.

वकिलाचा तास दोनशे चाळीस पौंडांना.
म्हणजे सोळा पंक्चर,
आणि तीही मालकाच्या गल्ल्यात जाणारी.
म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर
मीच शिवली फाइल. एकशे बारा पानं,
कोपऱ्यात हातानं घातलेले आकडे.
सत्तेचाळीस दोनदा पडला,
मग एकाला शेपूट लावली, सत्तेचाळीस-अ,
आणि त्यावर माझा अंगठा उमटला, काळा,
साबणाला न जुमानणारा.

नेस्टाच्या पडलेल्या दाताचा फोटो
घालावा की घालू नये, यात रात्रीचा एक वाजला.
कशाचा पुरावा तो?
दात पडला तेव्हा मी तिथं नव्हतो.
फोटो लाउरीनं पाठवला होता,
सोबत एक शब्दही न लिहिता.
नाही घातला.

बाहेरच्या खोलीत दोन टोकांना आम्ही दोघं.
तिच्या वकीलबाईंची चाकांची बॅग,
माझी भाजीची पिशवी.
मधे कुणाचं तरी पोर
खेळण्यातला डबा उघडत होतं, मिटत होतं.

कागदांत नेस्टाचं नाव बालक.
बालकाची भेट.
आपल्याच पोरीची भेट
अर्ज करून मागायची,
मिळाली तर सही करून घ्यायची.
अकरा शुक्रवार भेटलो चॅपलमागच्या खोलीत.
कोपऱ्यात मिस टेट विणत बसायच्या.
सुया थांबल्या की मी ओळखायचो,
आता लिहितायत.
आणि तेव्हाच नेमकं नेस्टा विचारायची,
तुझ्या घरी माझी उशी अजून आहे?

न्यायाधीशबाईंना सर्दी होती.
म्हणाल्या, मिस्टर प्यू, हळू बोला, मी लिहून घेतेय.
मी इतका हळू बोललो
की मधेच वाक्याचा शेवट विसरलो.
पाणी प्यालो. परत पहिल्यापासून.

पिवळ्या कागदावर माझे नऊ प्रश्न होते.
सातवा मार्चमधल्या त्या रात्रीचा:
नेस्टा शेजाऱ्यांच्या दारात अनवाणी,
आणि आई सोफ्यावर, हाका ऐकू न येणारी.
वर्कशॉपमधले सगळे म्हणाले होते,
हा सातवा सोडू नकोस, इड्वल, हाच हुकमाचा एक्का.

त्या आठवड्यात तिची आई गेली होती.
पेटीला पुढून उजवा खांदा माझा होता.

सहावा विचारला.
लाउरीनं पेला दोन्ही हातांत धरला.
आणि मी आठवा विचारला,
पोहण्याच्या क्लासबद्दल.

रात्र मिळाली नाही.
रात्रीचं सहा महिन्यांनी बघू, म्हणाल्या.
एकाआड एक शनिवार, दहा ते चार,
दर बुधवारी सहाला फोन, पंधरा मिनिटं.
वर्षाचे सव्वीस शनिवार गुणिले सहा तास
मी पाकिटाच्या मागे मांडले:
साडेसहा दिवस. फोन वेगळे.
चुकलो असेन म्हणून पुन्हा मांडले.

रखवालदारानं यंत्र परत दिलं.
जिंकलं कोण, त्यानं विचारलं, सवयीनं.
मला त्याचं उत्तर कुठल्या पानावर आहे
ते सापडेना.

पार्किंगमध्ये तिची गाडी होती,
मागे नेस्टाची उंच खुर्ची, तिच्यावर बिस्किटाचा चुरा.
मागचा डावा टायर बसलेला.
मी वाकलो, टोपी काढली, यंत्र लावलं.
बावीस आहे, म्हटलं. बत्तीस हवी.
आजच भरून घे.
वकीलबाई मधे काहीतरी म्हणणार होत्या.
लाउरी म्हणाली, बरं.

चौकापर्यंत त्या टायरकडे बघत राहिलो.
डावीकडे वळली तर पेट्रोल पंप,
सरळ गेली तर घर.
नेमका मधे दुधाचा टँकर आला.